किटिकी

एप्रिल. सकाळी नऊलाच डांबर मऊ.
टेपचं एक टोक रफिकच्या हातात देऊन
मी हलकुडे बंगल्याच्या पोर्चमधून आत जाते,
पहिल्यांदाच, या बाजूनं.

वारसा यादीत अनुक्रमांक एकतीस.
काळा पाषाण, ब्रह्मदेशी सागवान,
आगबोटीनं आणि मग मालगाडीनं आलेले बिडाचे खांब;
त्यांच्या पायाशी अजून वाचता येतं
कुठल्याशा परक्या भट्टीचं नाव.
कापसाच्या दलालीवर मोठा झालेला माणूस
जिन्याच्या कठड्यावर बोंडं कोरून घेतो
आणि वरच्या काचांत मोर.
मोर शाबूत आहेत. बोंडांना वाळवी.

मी लिहीत जाते. उन्हाचा निळा तुकडा
रफिकच्या शर्टावरून सरकतो.
"म्याडम, इथं गार आहे की ओ."
दोन फुटी भिंती. गार असणारच.

मग मागची खोली.

आमच्या घरात या बंगल्याला नाव नव्हतं.
आई म्हणायची, किटिकी.
किटिकीला जाऊन येते.
किटिकीनं आज साठ छाटल्या.
तेलुगूत खिडकीला किटिकी म्हणतात, एवढंच.
पण मला पाचवीपर्यंत वाटायचं
ते कुणा बाईचं नाव आहे,
खाष्ट, पानं मोजून देणारी,
जिला आईचा हात कधीच पसंत पडत नाही.

मालक गाव सोडून गेले, खाली विडीची ब्रँच आली,
तेव्हा फोडली असणार ही भिंत:
दीड बाय दोनचं भोक, तीन गज, खाली फळी.
पोशव्वा मडूर, कार्ड नंबर चारशे बारा.
टोपलीत हजार विड्या, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या,
आणि कडेवर मी, कधी कधी.

आतून फळीची उंची दोन फूट चार.
बाहेरून पाच फूट एक.
रफिक म्हणतो, टेप लोंबला असेल.
पुन्हा मोजतो. टेप बरोबर आहे.
जोतंच उंच. चेकर खुर्चीत बसून
उभ्या बायांकडे वरून बघायचा.

आई चार फूट दहा.

फळीच्या बरोबर खाली, बाहेर, एक दगड:
फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा,
टाकीच्या खुणा पुसलेल्या,
दोन पावलांपुरता खोलगट.

पुण्याच्या आर्किटेक्टचा फोन येतो.
भला माणूस, मोरांसाठी जीव टाकतो.
"मागची ती खिडकी नंतरची ना?
बुजवून टाकू. आणि आजूबाजूचा राडा
उचलायला सांगा."
त्याचं बरोबर आहे. नियमही तोच,
मूळ ते राखावं, भर काढावी.
नव्या पोरांना हा नियम मीच शिकवते.

फॉर्मवर दोन चौकोन: मूळ / नंतरची भर.
मी दोन्ही कोरे सोडते.
नकाशात मागच्या भिंतीला लागून
एक लहान आयत काढते,
लिहिते: पायरी, एक. उंची नऊ इंच.
पेन्सिलनं नाही, पेनानं.

रात्री पाणी येणार म्हणून आई जागी आहे.
टीव्हीसमोर तिची बोटं
नसलेलं पान नसलेल्या तंबाखूभोवती वळतात,
टोक दुमडतात, पुढचं घेतात.
"आत काय होतं गं?"
मोर, मी सांगते. काचेचे. लाल, हिरवे.
"मोर?" ती हसते, खोकते.
"अठ्ठावीस वर्षं. मला वाटलं, आत नुसती पोती."

मग बराच वेळ काही नाही.
नळाला हवा येते, फुसफुसते.

"दगड हाय का?"
आहे.
"राजव्वाचा पाटा तो. तिला इचारल्याबिगर
कुणी हलवायचा नाही, सांग तुझ्या सायबाला."

राजव्वाला जाऊन आठ वर्षं झाली.
सांगते, मी म्हणते,
आणि हंडा नळाखाली सरकवते.